पोटातल्या बाळाची वाढ कमी पडतेय हे वेळेत कसं ओळखायचं

आधी तारीख पक्की करा. शेवटची पाळी नीट आठवत नसेल तर ११ ते १४ आठवड्यांतली सोनोग्राफी चुकवू नका, कारण आठवडेच चुकले तर पुढची सगळी मापं चुकतात.

२४ आठवड्यांनंतर प्रत्येक तपासणीला पोट टेपने मोजून घ्यायचं. लघवीला जाऊन या, पाठीवर झोपा, मग सिस्टर पिशवीचं वरचं टोक हाताने चाचपतात आणि तिथून खाली ओटीपोटाच्या हाडापर्यंत टेप लावतात, आकड्यांची बाजू खाली ठेवून, म्हणजे मनात आधीच आकडा धरून माप घेतलं जात नाही. जेवढे आठवडे साधारण तेवढे सेंटीमीटर, दोन-तीन इकडंतिकडं चालतं. ३२ आठवड्यांना २८ च भरलं किंवा मागच्या वेळेपासून आकडा हललाच नाही, तर ग्रोथ सोनोग्राफी करायची. "पहिलटकरणीचं पोट लहानच असतं" म्हणून गप्प बसू नका.

आपल्याकडं खरा घोळ सातव्या महिन्यात होतो. डोहाळजेवण झालं की पोरगी माहेरी, कराडची तपासणी सुटते, जतला नवीन डॉक्टर आणि कार्ड राहिलं सासरच्या कपाटात! एका मापावरून वाढ कळत नाही हो, मागचं माप लागतंच. माता बाल संरक्षण कार्ड आणि सगळे रिपोर्ट साड्यांच्या आधी बॅगेत टाका, गेल्या गेल्या तिथल्या आशाताईंना भेटा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी फुकट असते.

रिपोर्टमध्ये बाळाचं वजन १० पर्सेंटाइलच्या खाली, म्हणजे तेवढ्याच आठवड्यांच्या शंभर बाळांतल्या सगळ्यात कमी वजनाच्या दहांत आलं तर डॉप्लरचं विचारा, त्यात नाळेतला रक्तप्रवाह कळतो. सोनोग्राफीतलं वजन अंदाजेच असतं, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी परत बघतात.

बीपी वाढलेलं असेल, रक्त कमी असेल, आधीचं बाळ अडीच किलोच्या आतलं असेल तर जास्तच लक्ष द्या. आणि मिश्री! सासू लावते म्हणून सूनही लावते, पण दवाखान्यात तंबाखूचं विचारलं की नाही म्हणते. मिश्री म्हणजे तंबाखूच, त्याने बाळाचं वजन घटतं, डॉक्टरांना खरं सांगा आणि बंद करा.

शेवटच्या तीन महिन्यांत बाळाची हालचाल कमी वाटली तर डाव्या कुशीवर पडून लक्ष द्या, दोन तासांत दहादा जाणवलं नाही तर सकाळची वाट बघायची नाही, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.