डावीकडे त्यांचं, उजवीकडे माझं

सहा वर्षांपूर्वी एका बैठकीत आठ जणांसमोर एक सहकारी मला म्हणाले, "तुमचं काम पुन्हा तपासावंच लागतं." मी तिथल्या तिथे त्यांच्या जुन्या चुका तारखांसकट बाहेर काढल्या, पार पाणउतारा केला. नंतर वर्षभर आम्ही फक्त ईमेलवर बोललो. ते वाक्य त्यांचं होतं, पण पुढची पाच मिनिटं माझी होती. हे कबूल करायला मला फार वेळ लागला. तेव्हापासून मी काय करते ते सांगते.

शब्द झोंबला की आधी आपली खूण ओळखा. माझे कान तापतात. तोंड उघडण्याआधी तेवढाच अवधी हातात असतो. त्या वेळी बोलायचं वाक्य आधीच ठरवून ठेवा, कारण ऐनवेळी चांगलं वाक्य सुचत नाही. माझं आहे, "हे मला लागलंय. उद्या बोलू."

घरी जाऊन उशी बडवू नका, चार जणांना फोन करून तेच उगाळू नका. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या निबंधावर मुद्दाम जहरी टीका केली होती. टीका करणाऱ्याला मनात आणून ज्यांनी पंचिंग बॅगवर ठोसे मारले, त्यांचा राग गप्प बसून राहिलेल्यांपेक्षा जास्त निघाला.

त्याऐवजी वही घ्या आणि पानाच्या मधोमध उभी रेघ ओढा. डावीकडे समोरच्याचे शब्द, जसेच्या तसे. उजवीकडे आपण त्यात काय भरलं ते. त्या बैठकीचं पान मी वर्षभरानं लिहिलं. डावीकडे एक ओळ, उजवीकडे अकरा: 'सगळ्यांना मी बिनकामाची वाटते', 'त्यांना माझी जागा हवी आहे', 'बाकीचे गप्प बसले म्हणजे त्यांनाही पटलं'. यातलं एकही कुणी बोललं नव्हतं. मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस १९५० च्या दशकापासून हेच वेगळं करायला शिकवत होते: घटना, तिच्याबद्दलची आपली समजूत आणि त्यातून उसळलेली भावना.

मग डावीकडची ओळ खरी आहे का, ते तपासा. मी शेवटचे चार अहवाल काढले. त्यातल्या तीन अहवालांत बेरजा चुकल्या होत्या. खरं तर तेच जिव्हारी लागलं होतं.

ओळ खोटी असेल तर तसं शांतपणे सांगा. कुणी जाणूनबुजून, वारंवार अपमान करत असेल तर वहीत जिरवू नका. तारखा लिहून ठेवा आणि तक्रार करा. तक्रार हीसुद्धा आपण निवडलेली प्रतिक्रियाच आहे. आणि हा सगळा उपाय फक्त स्वतःसाठी. आपण ज्याला दुखावलं त्याला "मनाला लावून घेऊ नकोस" म्हणायचा हक्क आपल्याला नाही, असं मला ठामपणे वाटतं.

आपलं तोंड सुटलं असेल तर माफी मागा, आणि त्या माफीत 'तुम्ही तसं बोललात म्हणून' घालू नका. मी इतकंच म्हटलं, "त्या दिवशी मी तुमच्या चुका सगळ्यांसमोर काढल्या, ते चुकलं. बेरजांचं तुमचं म्हणणं बरोबर होतं." ते "बरं" म्हणाले आणि कामाला लागले. मीही जागेवर येऊन त्या महिन्याच्या बेरजा दुसऱ्यांदा करायला घेतल्या.