मळ्यातला मातीचा बांध: मे महिन्यात काय बघायचं

पारोळ्याकडे आमच्या मळ्यातल्या नाल्यावर मातीचा बांध आहे. पोरं पोहतात, पाहुणे आले की होडी निघते, काठावर भरीत-पुरीचा बेत होतो. पण भाऊ, ही मजा बांध धड असेल तोवरच. म्हणून मे महिन्यात त्याच्यावरून सावकाश फिरायचं.

आधी सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट. पाणी माथ्यावरून गेलं की माती भराभर कापली जाते, आणि बांध गेलाच. सांडव्यातला गाळ, झुडपं काढा. मासे जाऊ नयेत म्हणून काही जण तिथे जाळी ठोकतात. काडीकचरा अडकतो, वाट बंद! जाळी काढाच.

मग पायथा. थोडी ओल असतेच, घाबरू नका. झिरपणारं पाणी काचेच्या ग्लासात धरून बघा. नितळ असेल तर लक्ष ठेवा. गढूळ असेल तर आतली माती वाहतेय: खालच्या वस्तीला सांगा, इंजिनिअरला बोलवा, त्याच्या सल्ल्याने पाणी उतरवा. झऱ्याच्या तोंडावर माती लोटून तो बुजवू नका, पाणी दुसरीकडून फुटेल.

आपली काळी माती उन्हात फाटते. भेगा आणि घुशींची बिळं खणून, ओलसर माती थराथराने धुम्मसने ठोकून भरा, वर मुरूम. बांधावर बाभूळ, निंब नको, मुळं कुजली की पाण्याला पोकळी मिळते. हरळी मात्र राहू द्या.

सांडवा वाहत असताना पाण्यात कोणी उतरायचं नाही, आणि होडीत लाइफ जॅकेट प्रत्येकाला, आजोबांनासुद्धा.