घडीच्या चाकूंचा संग्रह सुरू करताना या चुका टाळा

घडीचे चाकू जमवायला नुकतीच सुरुवात केलेल्या माणसाला फसव्या विक्रेत्याची फार भीती वाटते आणि ती रास्तही आहे. परंतु जुन्या चाकवांचे सर्वाधिक नुकसान बहुधा खरेदीनंतर, नव्या मालकाच्या उत्साहामुळे होते. पॉलिशचा बोळा, धार लावायचा दगड आणि चामड्याचे म्यान या तीन निरुपद्रवी वाटणाऱ्या वस्तूंनी कित्येक चांगल्या चाकवांची किंमत एका दुपारीत उतरवलेली असते.

पहिली चूक मात्र खरेदीच्याही आधीची आहे. स्वस्त मिळतो म्हणून दिसेल तो चाकू घेत गेल्यास थोड्याच काळात पेटी भरते, पण त्या वस्तूंचा एकमेकींशी काही संबंध नसतो आणि तुलना करण्याची नजरही तयार होत नाही. एखादा निर्माता, एखादा प्रकार किंवा एखादा कालखंड निवडावा. ओपिनेलचे उदाहरण घ्या. या फ्रेंच चाकवांची क्रमांकवार मापे 1897 पासूनची आहेत आणि पाते जागेवर अडकवणारे फिरते कडे 1955 मध्ये आले. एवढीच माहिती असलेला नवशिका कडे नसलेला प्रत्येक ओपिनेल 1955 पूर्वीचा समजतो आणि जास्त पैसे मोजतो. प्रत्यक्षात क्रमांक 2 ते 5 या लहान मापांना आजही कडे नसते. एकाच मालिकेचे बरेच चाकू हाताळले की असा गैरसमज फार काळ टिकत नाही.

पात्याच्या बुडाशी, मुठीला लागून असलेल्या सपाट भागावर निर्मात्याचा शिक्का असतो. तो न वाचता खरेदी करणे ही दुसरी चूक, आणि केवळ तेवढाच वाचून विश्वास ठेवणे ही तिसरी. अमेरिकेच्या केस कंपनीची पद्धत अभ्यासासाठी उत्तम आहे: 1940 ते 1964 या काळात शिक्क्यात ‘केस एक्सएक्स’ एवढेच असे, 1965 पासून त्याखाली ‘यूएसए’ आले, आणि 1970 मध्ये दहा ठिपके देऊन पुढे दरवर्षी एक ठिपका कमी केला गेला. म्हणजे सात ठिपक्यांचा चाकू 1973 चा. याच कंपनीचे नमुना क्रमांकही बोलके असतात. 6254 मधील 6 म्हणजे खाचा पाडलेल्या हाडाची मूठ, 2 म्हणजे दोन पाती आणि 54 म्हणजे ट्रॅपर हा नमुना. शिक्का एक काळ सांगत असेल आणि मूठ वा क्रमांक दुसराच, तर पाते किंवा मूठ बदललेली असण्याची शंका घ्यावी. पाते झिजून अरुंद झालेले, पण शिक्क्याची अक्षरे कालच ठोकल्यासारखी टोकदार, हेही चांगले लक्षण नव्हे. ‘लाग्योल’ या प्रसिद्ध फ्रेंच घडीच्या चाकवाचे नाव किंवा त्याच्या स्प्रिंगवर कोरलेली माशी पाहून चाकू फ्रान्समध्येच घडला असे मानू नये. ते नाव आणि ते चिन्ह अनेक देशांतील उत्पादक वापरतात.

आता साफसफाई. कार्बन स्टीलच्या पात्यावर कालांतराने राखाडी-काळसर थर चढतो. त्याला संग्राहक पॅटिना म्हणतात आणि तो जपतात. तांबूस, खरखरीत, बोटाला लागणारा असतो तो गंज, आणि तो मात्र थांबवावाच लागतो. त्यासाठी तेलाचा थेंब टाकून काही तास मुरू द्यावा आणि लाकडी काडीने किंवा अत्यंत बारीक ब्राँझ वूलने (ब्राँझच्या तारांच्या बोळ्याने) हलकेच खरवडावे. फिरत्या चाकावर पाते चकचकीत केले की शिक्क्याच्या कडा आणि पात्यावरील कोरीव मजकूर पुसट होतो आणि तो परत आणता येत नाही. धारेचेही तसेच आहे. संग्रहातील चाकवाला धार लावण्याचे कारणच नाही, कारण प्रत्येक वेळी थोडे पोलाद कायमचे जाते.

साठवण हा विषय बहुतेक नवशिके शेवटी शिकतात. चामडे ओलावा धरते आणि ते कमावताना वापरलेली द्रव्ये पोलादाला व पितळेला बाधतात, म्हणून म्यान वेगळे ठेवावे. शिंगाच्या मुठी किडे पोखरतात, त्यामुळे त्या अधूनमधून उजेडात पाहाव्यात. सर्वांत घातक शत्रू मात्र सेल्युलॉइडची मूठ होय. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लोकप्रिय असलेले हे रंगीबेरंगी द्रव्य म्हणजे सेल्युलोज नायट्रेट. ते विघटित होऊ लागले की त्यातून निघणारी आम्लयुक्त वाफ शेजारच्या सगळ्या पात्यांवर गंज चढवते. बंद पेटीतील चाकू अचानक एकत्र गंजू लागले, तर आधी ओलाव्याला दोष न देता सेल्युलॉइडची मूठ शोधावी. तिला बारीक तडे गेलेले असतात किंवा उग्र वास येतो. असा चाकू हवेशीर जागी, इतरांपासून दूर आणि आगीपासून तर फारच दूर ठेवावा, कारण ते द्रव्य झपाट्याने पेट घेते.

चाकू उघडताना अडत असेल तर पकडीने ओढू नये. पाते उघडताना नख अडकवायची खाच तुटते, बोटही कापते. सांध्यात मिनरल ऑइल सोडून रात्रभर ठेवावे आणि मग हळूहळू उघड-मीट करून आतला मळ बाहेर येऊ द्यावा. खाद्यतेल वापरल्यास ते पुढे चिकट होऊन तीच तक्रार परत आणते. सर्व भाग स्टेनलेस असलेला स्विस चाकू कोमट पाण्यात उघड-मीट करून धुता येतो, मात्र नंतर पूर्ण वाळवून तेल द्यावे. ओपिनेलच्या बाबतीत हाच उपाय अंगाशी येतो, कारण पाण्याने लाकूड फुगून पाते आणखी आवळले जाते. तो फक्त सावलीत वाळू द्यावा. पाते डावीकडे-उजवीकडे हलते म्हणून सांध्याच्या खिळ्यावर हातोडी मारणे तर सर्वथा टाळावे. हाडाच्या मुठीला तडा जायला एक घाव पुरतो. स्प्रिंगच्या जोराने पाते फटकन मिटू देऊ नये, धार आतल्या पट्टीवर आपटून तिला खाच पडते.

राहिला कायदा. घरात बाळगणे आणि खिशात घेऊन फिरणे यांचे नियम बहुतेक ठिकाणी वेगवेगळे असतात. ब्रिटनमध्ये, उदाहरणार्थ, न अडकणारे आणि तीन इंचांपर्यंत धार असलेले घडीचे पातेच सार्वजनिक ठिकाणी कारणाशिवाय जवळ ठेवता येते. टपालाने मागवण्यापूर्वी आपल्या देशातील नियम वाचून घ्यावेत, विशेषतः बटण दाबताच उघडणाऱ्या चाकवांचे.