सळी गात नव्हती, त्याची गोष्ट

फोंड्याला उच्च माध्यमिकच्या मुलांना दाखवायचं होतं: एक मीटर लांबीची भरीव अ‍ॅल्युमिनियमची सळी, मधोमध पकडलेली, राळ लावलेल्या फडक्याने लांबीच्या दिशेने ओढायची की ती किंचाळते. माझी नुसती खरखरायची.

आधी दोष पावसाळी दमटपणाला दिला. थोडं खरंही होतं. हाताचा घाम सळीवर बसला होता. स्पिरिटने पुसली, शेजारच्या व्हायोलिनवाल्या अंकलकडून राळेचा तुकडा आणला. आवाज आला, पण क्षणात विझला.

खरा चोर शिकंजा होता. रबर लावलेले चार सेंटिमीटर रुंद जबडे! सळीच्या मध्यावर निस्पंद, म्हणजे न हलणारी जागा असते, पण ती एका बिंदूपाशी. दोन्हीकडे धातू हलतोच, आणि ती हालचाल रबर गिळत होतं. शिवाय मी मध्य अंदाजाने धरलेला. मोजल्यावर दीड सेंटिमीटर चुकलेला निघाला. रबर काढून तीन टोकदार स्क्रूंनी बरोबर ५० सेंटिमीटरवर पकडली. काय ओरडली! वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली.

मोबाइलवर वारंवारता २५२० हर्ट्झ दिसली. सळीत अर्धी तरंगलांबी मावते, म्हणून सळीतल्या आवाजाचा वेग २ × १ × २५२०, म्हणजे सेकंदाला सुमारे ५०४० मीटर. मध्यावर पकडल्यावर फक्त विषम संवादी, म्हणजे मूळ वारंवारतेच्या १, ३, ५ अशा पटींचे सूर उरतात. दुसरा संवादी हवा असेल तर टोकापासून २५ सेंटिमीटरवर धरा, सूर दुप्पट चढतो. तिथे शिकंजाही नको, चिमटीत धरली तरी पुरते. कानात कापूस मात्र घाला.