सुकादानाला जाऊ पाहणाऱ्या नव्या डॉक्टरांसाठी

इंटर्नशिप संपवलेली मुलं मला विचारतात, "इंडोनेशियात दुर्गम भागात गरिबांवर उपचार करायला जायचंय, कसं जायचं?" त्यांना पहिल्यांदा हेच सांगतो, की उपचार करायला असं उठून जाता येत नाही. तिथे रुग्ण तपासायचा तर तिथली नोंदणी आणि परवाना लागतो. मला हा नियम मनापासून पटतो. आपण काही आठवड्यांत परत येतो, रुग्णाजवळ राहतो तो तिथलाच तरुण डॉक्टर. त्याच्या शेजारी बसून केसवर चर्चा करायची, शिकवायचं आणि त्याच्याकडून शिकायचं, हे काम तुम्हाला कमी वाटत नसेल तर जरूर जा.

मी गेलो ते बोर्निओ बेटावर, इंडोनेशियाच्या पश्चिम कालिमंतान प्रांतातल्या सुकादाना गावी, आलाम सेहात लेस्तारी या संस्थेत. तिथे सगळे तिला आसरी म्हणतात. किनारी वेब या अमेरिकी डॉक्टर आणि होतलिन ओम्पुसुंगू या इंडोनेशियन दंतवैद्य, या दोघींनी 2007 मध्ये हे काम उभं केलं. शेजारी गुनुंग पालुंग राष्ट्रीय उद्यान आहे. वेब विद्यार्थिनी असताना तिथे ओरांगउटानचा अभ्यास करायला आल्या होत्या. घरात कुणी आजारी पडलं की दवाखान्याचा खर्च भागवायला लोक जंगलात करवत घेऊन जातात, हे त्यांनी तेव्हा पाहिलं. म्हणून दवाखान्याआधी गावोगावी बैठका झाल्या: जंगल राखायचं तर तुम्हाला काय हवं? लोकांनी परवडणारे उपचार मागितले, आणि सेंद्रिय शेतीचं प्रशिक्षण.

नव्याने गेलात तर थोडा वेळ बिलाच्या खिडकीपाशी घालवा. पैसे नसतील तर इथे रोपं चालतात, शेणखत चालतं, विणलेली चटई चालते, अंगमेहनतही चालते. एक आजी काळ्या पिशव्यांतली रोपं घेऊन आल्या होत्या. कर्मचाऱ्याने एकेक रोप उचलून पानं पाहिली, मोजली आणि तेवढी रक्कम बिलातून वळती केली. आजी ताठ मानेने औषधं घेऊन गेल्या. फुकट वाटलेल्या औषधाने हे साधत नाही, असं माझं ठाम मत आहे. ही रोपं पुढे उजाड झालेल्या जंगलात लावली जातात, आणि ज्या गावाने वृक्षतोड थांबवली त्याला बिलात जास्त सूट मिळते. पहिल्या दहा वर्षांचा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तुलनेसाठी घेतलेल्या इतर उद्यानांपेक्षा इथली जंगलतोड सुमारे 70 टक्क्यांनी कमी आढळली.

वैद्यकीय तयारी म्हणाल तर क्षयरोगाचा अभ्यास पक्का करून जा. क्षयरुग्णांच्या संख्येत भारताखालोखाल इंडोनेशियाच आहे, त्यामुळे आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातला अनुभव तिथे थेट उपयोगी पडतो. पाठीवर फासळ्यांच्या रेषेत लाल पट्टे दिसले तर मारहाणीचा संशय घेऊ नका. तो 'केरोकान' असतो: अंगात वारा शिरला असं वाटलं की तेल लावून नाण्याने पाठ घासतात. तपासताना सहज विचारा, "केरोकान केव्हा केलं?" दुखणं नेमकं कधी सुरू झालं ते त्या उत्तरातून बऱ्याचदा कळतं.

सरकारी आरोग्य विमा 2014 पासून आहे, पण कार्ड असलं तरी होडीचं भाडं, सोबतच्या माणसाचं जेवण आणि बुडालेली मजुरी कार्डावर भागत नाही. "मोठ्या रुग्णालयात जा" असं लिहून देण्याआधी तो माणूस तिथे कसा पोचणार, हे तिथल्या नर्सला विचारत चला. तिला वाटा, भाडी आणि घरची परिस्थिती, सगळं ठाऊक असतं.

भाषा आधी शिका. लिपी रोमन आहे, व्याकरण सोपं आहे, दोन-तीन महिने रोज तासभर दिलात तर रुग्णाशी कामापुरतं बोलता येतं. मोठ्या पुरुषांना 'पाक' आणि बायकांना 'बू' म्हणायचं, देणंघेणं उजव्या हाताने. जायला जकार्ताहून विमानाने पोंतियानाक किंवा केतापांग गाठायचं. केतापांगहून पुढे रस्ता, पोंतियानाकहून स्पीडबोट. औषधांची बॅग भरून नेऊ नका. त्याऐवजी संस्थेला आधी लिहून विचारा, की त्यांच्या डॉक्टरांना सध्या काय शिकायचंय: ईसीजी, सोनोग्राफी की नवजात बाळाची काळजी. तेवढंच नीट तयार करून न्या.