मॅक्रो लेन्सचे फोटो सॉफ्ट येतात? आधी या चुका टाळा

मिररलेस कॅमेऱ्यासाठी मॅक्रो प्राइम (अगदी जवळून टिपणारी, झूम नसलेली लेन्स) घेतली की पहिल्या महिन्यात हमखास येणारी तक्रार: पोर्ट्रेटला लेन्स कडक शार्प, पण किड्याजवळ नेली की सगळं सॉफ्ट. बहुतेक वेळा लेन्स ठणठणीत असते. १:१ ला, म्हणजे वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराएवढी उमटते तिथे, सगळी गणितं बदलतात आणि हात मात्र जुन्याच सवयीने चालतात.

आधी स्विच आणि रिंगा तपासा

सोनीच्या ९० मि.मी. एफ/२.८ मॅक्रोची फोकस रिंग पुढे-मागे सरकते. बॅगेतून काढताना ती बॉडीकडे ओढली गेली की लेन्स मॅन्युअलवर जाते. मग मेनूत कितीही शोधा, ऑटोफोकस हलत नाही. रिंग पुढे ढकला, काम झालं. याच लेन्सवर फोकस लिमिटरच्या (फोकसचा पल्ला मर्यादित करणाऱ्या स्विचच्या) तीन जागा आहेत: पूर्ण, ०.५ मीटर ते इन्फिनिटी, आणि ०.२८ ते ०.५ मीटर. ०.५ मीटर ते इन्फिनिटीवर लावलेला लिमिटर तसाच राहिला की ‘१:१ येतच नाही’ ही ओरड सुरू होते. किड्यांसाठी जवळची जागा लावा. पूर्ण पल्ल्यावर एकदा फोकस चुकला की मोटर इन्फिनिटीपर्यंत जाऊन परत येते, तोवर चतुर उडालेला असतो.

कॅननच्या आरएफ १०० मि.मी. एफ/२.८ वर एसए कंट्रोल नावाची जादा रिंग आहे. ती पार्श्वभूमीच्या धूसरपणाचा पोत बदलते. शून्यावरून सरकली तर फोकस बरोबर असूनही चित्रावर दुधाळ झाक येते. तिला लॉक दिलेलं आहे, ते लावूनच ठेवा. खरं सांगायचं तर मॅक्रोसाठी या रिंगची गरज फारशी पडत नाही.

बॉडीशी बोलणारे विद्युत काँटॅक्ट नसलेली पूर्ण मॅन्युअल लेन्स असेल तर दोन गोष्टी मेनूतून कराव्या लागतात: ‘लेन्सशिवाय शटर’ चालू करणं आणि बॉडीतल्या स्टॅबिलायझेशनला फोकल लेंग्थ हाताने सांगणं. १०० मि.मी.च्या लेन्सला मेनूत ३५ राहिलं तर स्टॅबिलायझेशन हवं तेवढी भरपाई करत नाही.

आणि नावात ‘मॅक्रो’ आहे म्हणजे १:१ असं समजू नका. कॅननच्या आरएफ ३५ मि.मी. एफ/१.८ आणि ८५ मि.मी. एफ/२ या दोन्ही मॅक्रो लेन्स १:२ वर, म्हणजे खऱ्या आकाराच्या निम्म्यावर, थांबतात. खात्री करायला स्टीलची पट्टी पुरते. किमान अंतरावर, म्हणजे फोकस होतो त्या सर्वात जवळच्या अंतरावर, फुल फ्रेम सेन्सरच्या रुंदीत पट्टीचे ३६ मि.मी. मावले तर १:१, ७२ मावले तर १:२. एपीएस-सी या लहान सेन्सरवर १:१ ला साधारण २३ मि.मी. दिसतात, त्याहून लहान मायक्रो फोर थर्ड्सवर १७.

किमान अंतर लेन्सच्या काचेपासून मोजू नका

ते सेन्सरपासून मोजतात. बॉडीवर वर्तुळातून आडवी रेघ गेलेली खूण असते, ती सेन्सरची जागा. सोनी ९० चं किमान अंतर २८ सें.मी. आहे; त्यातून लेन्सची लांबी आणि माउंटची जागा वजा केली की काचेपुढे जेमतेम १३ सें.मी. उरतात. निकॉनच्या झेड एमसी ५० मि.मी.ला तर ५-६ सें.मी.च मिळतात, म्हणजे लेन्सची सावली थेट विषयावर. त्यात हूड लावला तर उरलेली जागाही जाते. अगदी जवळून काढताना हूड काढा. जिवंत किड्यांसाठी लेन्स घेत असाल तर ९० ते १०५ मि.मी.च घ्या, ५० मि.मी. नाणी, दागिने आणि टेबलावरच्या वस्तूंसाठी ठीक.

एफ/२.८ ला किडा, एफ/२२ ला चिखल

१:१ ला फुल फ्रेमवर एफ/२.८ ठेवलं तर शार्प दिसणारा थर सुमारे ०.३ मि.मी. जाड असतो. मुंगीचा डोळा मिळाला तर मिश्या गेल्या. एफ/८ ला तो साधारण १ मि.मी. होतो, एफ/१६ ला २ मि.मी. मग लोक सरळ एफ/२२ लावतात आणि तिथे दुसरा खड्डा असतो.

जवळ जाल तसा प्रत्यक्ष ॲपर्चर छापील आकड्यापेक्षा लहान होत जातो. ढोबळ हिशेब असा: एफ-नंबर गुणिले (१ + मॅग्निफिकेशन). म्हणजे १:१ ला एफ/८ चं काम एफ/१६ सारखं आणि एफ/२२ चं एफ/४५ च्या आसपास, जिथे डिफ्रॅक्शन (बारीक छिद्रातून जाताना प्रकाशाचं पसरणं) सगळा बारीक तपशील पुसून टाकतं. आतल्या आत फोकस होणाऱ्या आधुनिक लेन्समध्ये फोकल लेंग्थही कमी होत असल्याने प्रत्यक्ष घट थोडी वेगळी येते. निकॉनच्या बॉडी हा बदललेला आकडा दाखवतात. झेड एमसी १०५ किमान अंतरावर एफ/२.८ ऐवजी एफ/४.५ दाखवते. ते बघून लेन्स सर्व्हिसला न्यायची गरज नाही. बाकी बऱ्याच ब्रँडच्या स्क्रीनवर छापील आकडाच राहतो, पण भौतिकशास्त्र तेच.

हातात धरून १:१ काढताना एफ/८ ते एफ/११ मध्ये राहा. शार्प थराची जाडी कमी पडत असेल तर ॲपर्चर आणखी लहान करण्याऐवजी कोन बदला: सेन्सर फुलपाखराच्या पंखांना समांतर आणला की एक मिलिमीटरही पुरतो.

फोकस रिंग फिरवत बसू नका

मॅग्निफिकेशन आधी ठरवा, मॅन्युअल फोकस त्यावर कुलूपबंद करा आणि मग स्वतः मिलिमीटर-मिलिमीटर पुढे झुका. डोळा शार्प दिसताच शटर, तीन-चार फ्रेमचा छोटा बर्स्ट. पीकिंगचे रंग (फोकसमधल्या कडांवर कॅमेरा दाखवतो ते) १:१ ला ‘जवळपास’ची जागा दाखवतात, नेमकी नाही, जमेल तिथे व्ह्यूफाइंडरमध्ये मॅग्निफाय करून बघा.

स्टॅबिलायझेशनवर फार विसंबू नका. कॅमेरा वरखाली-आजूबाजूला सरकण्याची भरपाई १:१ ला तोकडी पडते आणि तुमचं पुढे-मागे डोलणं तर कोणतीच प्रणाली थांबवत नाही. हातात धरून काढताना फ्लॅश नसेल तर १/२५० च्या खाली उतरू नका. कोपर गुडघ्यावर टेका.

फ्लॅश लावला आणि स्क्रीन काळी

१/२००, एफ/११, आयएसओ २०० लावलं की स्क्रीन अंधारते, कारण मिररलेस त्या सेटिंगचा उजेड आधीच दाखवतो, फ्लॅशचा नाही. सोनीत ‘सेटिंग इफेक्ट’ ऑफ करा, कॅननमध्ये एक्स्पोजर सिम्युलेशन बंद करा, निकॉनमध्येही लाइव्ह व्ह्यूला सेटिंग लागू न करण्याचा पर्याय आहे. फ्लॅश पेटतच नसेल तर सायलेंट मोड बघा. बहुतेक बॉडींवर इलेक्ट्रॉनिक शटरसोबत फ्लॅश चालत नाही. घरातल्या एलईडीखाली आडवे पट्टे येण्याचं कारणही बऱ्याचदा हेच शटर असतं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. तिथे कॅमेरा ट्रायपॉडवर लावून मेकॅनिकल शटर आणि १/५० किंवा १/१०० ठेवा.

डिफ्यूझर (फ्लॅशचा उजेड पसरवणारा पडदा) विषयाच्या जितका जवळ तितका उजेड मऊ. फ्लॅशच्या डोक्यावरची छोटी टोपी पुरत नाही. पातळ पांढरा फोम लेन्सच्या टोकापर्यंत ओढून घ्या, नाहीतर भुंग्याच्या पाठीवर पांढरा जळका ठिपका येणारच.

फोकस ब्रॅकेटिंग (फोकस थोडा थोडा सरकवत काढलेल्या, नंतर जोडायच्या फ्रेम) वापरताना पहिला फोकस विषयाच्या सगळ्यात जवळच्या टोकाच्याही किंचित अलीकडे ठेवा; बहुतेक कॅमेरे तिथून मागे मागे जातात. एफ/५.६ ला १० मि.मी. खोलीसाठी ३०-३५ फ्रेम धरा. वारा असेल तर हा बेत सोडून द्या.

पावसाळा

सह्याद्रीतला मॅक्रोचा मोसम आणि लेन्सला बुरशी लागण्याचा मोसम एकच. एसी गाडीतून थेट दमट हवेत लेन्स काढली की काचेवर बाष्प धरतं. बॅग बंद ठेवून अर्धा तास जाऊ द्या. घरी ड्राय कॅबिनेट ४०-५० टक्क्यांवर. एअरटाइट डब्यातली सिलिका जेलही चालते, फक्त रंग बदलला की ती तापवून कोरडी करायला हवी, आणि ते सहसा कोणी करत नाही. कास पठारावर ‘सीतेची आसवं’ या इवल्या फुलांसाठी आडवं पडू नका. एका फ्रेमपायी शंभर रोपं चिरडतात. तिथे लांब फोकल लेंग्थ घेऊन वाटेवरूनच काढा.

तरीही शंका असेल तर

घडी न पडलेली कोरी नोट सपाट चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर. नोटेवर छोटा आरसा टेकवा आणि लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्यात येईपर्यंत कॅमेरा हलवा. सेन्सर समांतर झाला. आरसा काढा, मॅग्निफाय करून फोकस करा, स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर, एफ/२.८ पासून एफ/१६ पर्यंत एकेक फ्रेम. एफ/५.६ च्या फ्रेममध्ये नोटेवरची सूक्ष्म अक्षरं मध्यात स्वच्छ हवीत. एकच कोपरा सॉफ्ट असेल तर आरशाने जुळवणी पुन्हा करून परत काढा. दुसऱ्यांदाही तोच कोपरा गेला तर आतली काच केंद्रातून सरकलेली असू शकते. मग या फ्रेम घेऊन खुशाल सर्व्हिस सेंटरला जा.