षष्ठी घेणारी जर्मन अव्यये कशी शिकावीत
सुरुवात व्हेगन (मुळे), ट्रोत्स (असूनही), व्हेरंट (दरम्यान) आणि श्टाट (ऐवजी) या चारांपासूनच करावी, कारण लेखनात हीच वारंवार लागतात. मराठीत ‘पावसाच्या ऐवजी’ म्हणताना ‘च्या’ येतो, तसा इथे नामाआधीचा आर्टिकल बदलतो: पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी एकवचनी नामाला ‘देस’ लागून नामाच्या शेवटी बहुधा ‘स’ किंवा ‘एस’ जोडला जातो, तर स्त्रीलिंगी व अनेकवचनी नामाआधी ‘देअर’ येतो आणि नामाला षष्ठीचा प्रत्यय लागत नाही. दादरहून लोकल पकडल्यावर ‘व्हेगन देस रेगन्स’, म्हणजे पावसामुळे, किंवा ‘व्हेरंट देअर फार्ट’, म्हणजे प्रवासादरम्यान, असे अख्खे तुकडेच घोकावेत. नामाचे लिंग ठाऊक नसेल, तर सुटे अव्यय पाठ असून उपयोग नाही. बोलण्यात चतुर्थीतले ‘व्हेगन देम रेगन’ही कानी पडते, पण परीक्षेत षष्ठीच लिहावी.